दोन सह्या

मित्रहो, आज मला दोन सह्यांबद्दल बोलायचं आहे. अमेरिकेत नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजात एखादी बाई नाव घालते, तेव्हा एक सही ती स्वतः करते, सरकारी शैक्षणिक कर्जाच्या वचनपत्रावर. दुसरी सही कॉलेजच्या प्रमुखाने आधीच केलेली असते, केंद्रीय शिक्षण खात्याबरोबरच्या करारावर. "आम्ही नियम पाळू, आमच्या विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज आणि अनुदान मिळू द्या," असा त्या कराराचा आशय. या दोन सह्यांचं वजन कायद्याने सारखं धरलेलं नाही, आणि सगळं दुखणं तिथेच आहे.

पहिली सही जन्माला चिकटते. सरकारी शैक्षणिक कर्जाच्या वसुलीला १९९१ पासून मुदतीचं बंधन नाही. दिवाळखोरीत हे कर्ज इतर कर्जांसारखं सुटत नाही, त्यासाठी असह्य हलाखी वेगळी सिद्ध करावी लागते. हप्ते थकले तर कोर्टाची पायरी न चढता सरकार पगारातून १५ टक्क्यांपर्यंत रक्कम कापू शकतं. दुसरी सही मात्र कंपनीच्या वतीने केलेली असते. कंपनी बुडाली की सही बुडाली, आणि सही करणारा आपल्या घरी सुखरूप.

पैसा कसा फिरतो तेही पाहू. सरकारी तिजोरीतून पैसा कॉलेजच्या खात्यात जातो आणि कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर चढतं. शिकवणं चांगलं झालं की वाईट, नोकरी लागली की नाही, याच्याशी त्या पैशाचा संबंध उरत नाही. हा धोका अमेरिकेला फार पूर्वी कळला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी पैसे मिळू लागले आणि ते पैसे लाटायला नावापुरत्या शाळा उभ्या राहिल्या. म्हणून १९५२ मध्ये नियम आला की, सैनिकांच्या पैशावर चालणाऱ्या अभ्यासक्रमात निदान १५ टक्के विद्यार्थी बाहेरचे हवेत. शिक्षणात काही दम असेल तर कुणीतरी पदरचे पैसे मोजून येईलच, हे त्यामागचं शहाणपण. १९९२ मध्ये तेच तत्त्व नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजांच्या उत्पन्नाला लावलं आणि १९९८ मध्ये ते सैल केलं. शिक्षण खात्याच्या मदतीतून ९० टक्क्यांपर्यंत उत्पन्न चालेल, उरलेले १० टक्के बाहेरून आणा.

पण सैनिकांच्या शिक्षणाचा सरकारी पैसा 'बाहेरच्या' १० टक्क्यांत धरला जात होता. म्हणजे सैनिकाचा एक डॉलर आणला की दुसऱ्या खिडकीतून नऊ डॉलर उचलायची सोय. मग कॉलेजांची माणसं लष्करी तळांवर घिरट्या घालू लागली. ग्राहक संरक्षण विभागात सैनिकांच्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या हॉली पेट्रेयस यांनी २०११ मध्ये जाहीर लिहिलं की, या कॉलेजांना सैनिक दिसत नाही, गणवेशातले डॉलर दिसतात. ही पळवाट बुजवणारा कायदा व्हायला २०२१ उजाडलं.

सिनेटर टॉम हार्किन यांच्या समितीने २०१२ मध्ये अशा तीस कंपन्यांचा अहवाल दिला. २०१० मध्ये या कंपन्यांकडे विद्यार्थी गोळा करणारे ३५,२०२ कर्मचारी होते आणि नोकरी शोधायला मदत करणारे ३,५१२. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कंपनीला कशाची घाई होती ते समजतं. त्याच अहवालातला एक कागद मला विसरता येत नाही. आयटीटी टेक या कॉलेज-साखळीच्या प्रशिक्षणातला तो कागद आहे आणि त्याचं नाव 'वेदनेचं नरसाळं'. फोनवर आलेल्या माणसाला पायरीपायरीने काय विचारायचं, ते त्यात आहे. आधी अडचण विचारा, मग ती किती दिवसांची आहे ते विचारा, मग तिच्यापायी काय काय गमावलं ते विचारा, आणि शेवटी विचारा की तुम्ही हात टेकलेत का. हे छापील आहे. एखाद्या नाठाळ नोकराने स्वतःच्या डोक्याने केलेला उद्योग नाही.

आता कोरिंथियन कॉलेजेस. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली कंपनी. एव्हरेस्ट, हील्ड, वायोटेक या नावांनी शंभराहून जास्त ठिकाणी पसरलेली. कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या ॲटर्नी जनरल कमला हॅरिस यांनी २०१३ मध्ये तिच्यावर दावा लावला. कंपनीच्या अंतर्गत कागदांत तिचं गिऱ्हाईक कसं असावं, याचं वर्णन सापडलं: एकाकी, उतावीळ, स्वतःबद्दल कमीपणा वाटणारी, जिची काळजी करणारं फारसं कुणी नाही अशी माणसं. ज्यांच्यामागे कुणी उभं नाही, तीच माणसं हेरून काढलेली.

आणि नोकऱ्यांचं काय? ग्राहक संरक्षण विभागाच्या तक्रारीत म्हटलं आहे की, एक दिवस काम मिळालं आणि दुसऱ्या दिवसाचं आश्वासन असलं, तरी 'नोकरी लागली' म्हणून नोंद व्हायची. काही मालकांना तर पदवीधरांना तात्पुरतं कामावर ठेवण्यासाठी कंपनीच पैसे द्यायची. तो तक्ता डोळ्यांसमोर आणा. एका रांगेत नाव, शेजारी 'नोकरी: होय'. ती बाई सकाळी कामाला गेली, संध्याकाळी घरी आली, परत तिला कुणी बोलावलं नाही. तक्त्यातलं 'होय' मात्र तसंच राहिलं. पुढच्या माहितीपत्रकात त्याचीच टक्केवारी छापली गेली आणि ती वाचून पुढच्या बाईने सही केली. एकट्या हील्डच्या बाबतीत शिक्षण खात्याने अशी ९४७ चुकीची विधानं मोजली आणि एप्रिल २०१५ मध्ये तीन कोटी डॉलरचा दंड ठोठावला.

त्याच महिन्यात कंपनीने गाशा गुंडाळला. रविवारी कळवलं, सोमवारपासून उरलेली २८ केंद्रं बंद. सुमारे सोळा हजार विद्यार्थी रस्त्यावर. मे महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये ग्राहक संरक्षण विभागाच्या दाव्यात ५३ कोटी डॉलरचा निकाल लागला आणि मार्च २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या दाव्यात ११० कोटींहून जास्तीचा. वसूल कुणाकडून करणार? तिजोरी रिकामी, प्रतिवादी हजर नाही. निकालपत्रं खरी आहेत, रकमाही खऱ्या आहेत, पण ही वरातीमागून आलेली घोडी.

तुमच्यातले कायद्याचे विद्यार्थी म्हणतील की, फसवलेल्याने स्वतः कोर्टात जावं. जाऊ द्या, पण वाटेत काय काय आहे ते बघा. 'वाईट शिकवलं' या तक्रारीला तिथली कोर्टं दारातही उभं करत नाहीत. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात, शाळा पूर्ण करूनही नीट वाचता न येणाऱ्या एका मुलाचा दावा याच कारणाने फेटाळला गेला. शिकवण्याची प्रत मोजणं हे आमचं काम नाही, अशी भूमिका. मग उरतं 'खोटं सांगितलं' हे सिद्ध करणं. खोटं सांगितलेलं असतं फोनवर, तोंडी, आणि छापील अर्जात बारीक अक्षरात असतं की, तोंडी आश्वासनं धरू नयेत. त्याच अर्जात अनेकदा आणखी एक कलम असतं: वाद झाला तर कोर्ट नाही, खासगी लवाद, आणि प्रत्येकाने एकेकट्याने यायचं. हजारो जणांना एकाच तऱ्हेने फसवलं, तरी त्यांनी एकमेकांना भेटायचं नाही अशी व्यवस्था. मला यातलं सगळ्यात क्रूर कलम हेच वाटतं.

सरकारच्या हातात हत्यारं आहेत. लिंकनच्या काळातला, १८६३ चा एक कायदा आहे. खोटी बिलं लावून सरकारी पैसा उकळणाऱ्यावर तिप्पट भरपाईचा दावा लावता येतो, आणि आतली बातमी देणाऱ्या जागल्याला वसुलीत वाटा मिळतो. विद्यार्थी आणणाऱ्यांना डोक्यामागे कमिशन द्यायला १९९२ पासून बंदी आहे. ती बंदी मोडून नियम पाळल्याची खोटी ग्वाही दिली, असा दावा याच कायद्याखाली ईडीएमसी या कॉलेजं चालवणाऱ्या कंपनीवर लागला. सरकारच्या तक्रारीनुसार कंपनीने ११ अब्ज डॉलरची सार्वजनिक मदत उचलली होती. २०१५ मध्ये तडजोड झाली ती साडेनऊ कोटींच्या आसपास. एक टक्काही नाही. ज्या कर्मचाऱ्यांनी नोकरी पणाला लावून कागद बाहेर आणले, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. त्यांच्या धाडसाच्या मानाने हा आकडा फार तोकडा आहे.

आता विद्यार्थ्याच्या बाजूची तरतूद. कॉलेजने फसवलं असेल तर कर्ज माफ व्हावं, हे कलम कायद्यात १९९३ पासून आहे. वीसेक वर्षं ते जवळजवळ पडूनच होतं. ते जागं केलं वकिलांनी नाही, कोरिंथियनच्या पंधरा विद्यार्थ्यांनी. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते उठले आणि म्हणाले, आम्ही हप्ते भरणार नाही. पंधराचे शंभर झाले, अर्जांचा ढीग लागला. मग सरकार बदललं आणि ढिगावर धूळ बसू लागली. सलग अठरा महिने एकाही अर्जावर निर्णय नाही. इतकंच काय, कोर्टाने मनाई केलेली असताना कोरिंथियनच्या विद्यार्थ्यांकडून वसुली चालू ठेवल्याबद्दल २०१९ मध्ये कोर्टाने शिक्षण खात्यालाच एक लाख डॉलरचा दंड केला. त्याच वर्षी सात कर्जदारांनी दावा लावला. त्यानंतर निर्णय आले ते एकाच साच्यातली नकारपत्रं म्हणून, हजारोंनी. न्यायाधीश विल्यम ॲल्सप यांनी खात्याची कडक शब्दांत हजेरी घेतली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे दोन लाख कर्जदारांच्या कर्जमाफीच्या तडजोडीला मंजुरी दिली.

२०२२ च्या जूनमध्ये कोरिंथियनच्या ५,६०,००० विद्यार्थ्यांचं ५.८ अब्ज डॉलरचं कर्ज सरकारने सरसकट माफ केलं, ऑगस्टमध्ये आयटीटीच्या २,०८,००० जणांचं ३.९ अब्जांचं. मी या निर्णयाच्या बाजूने आहे, पूर्णपणे. पण हा पैसा कुणी भरला? करदात्याने. आयटीटीच्या दोन प्रमुख अधिकाऱ्यांवर रोखे बाजाराच्या नियामकाने गुंतवणूकदारांना अंधारात ठेवल्याचा दावा लावला होता. २०१८ मध्ये आरोप मान्य किंवा अमान्य न करता त्यांनी तो मिटवला. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने दोन लाख डॉलर दिले, वित्त अधिकाऱ्याने एक लाख, आणि पाच वर्षं सार्वजनिक कंपनीत पद घ्यायचं नाही असं ठरलं. लक्षात घ्या, तो दावाही भागधारकांसाठी होता. विद्यार्थी त्यात कुठेच नव्हते.

तुरुंगात कुणी गेलंच नाही असं नाही. फ्लोरिडातल्या फास्टट्रेन कॉलेजचा मालक अलेहांद्रो अमोर याला २०१६ मध्ये आठ वर्षांहून जास्त शिक्षा झाली. तिथे ज्यांनी शाळा पूर्ण केली नव्हती, त्यांच्या नावाने खोटे कागद करून सरकारी मदत उचलली होती. खोटा कागद हातात धरून दाखवता येतो. नरसाळ्यातून उतरवलेलं खोटं दाखवता येत नाही. ते हजार फोनांत विरघळलेलं असतं, आणि कंपनी जितकी मोठी तितकं जास्त विरघळतं. म्हणून छोटा मालक आत जातो आणि मोठा तडजोड करून मोकळा होतो.

यावर तोडगा शोधायला नवा कायदा लागत नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं. कॉलेजवर ज्या व्यक्तींचा खरा ताबा आहे, त्यांच्याकडून वैयक्तिक हमी घेण्याचा अधिकार शिक्षण खात्याला १९९२ च्या दुरुस्तीनेच मिळालेला आहे. मार्च २०२३ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी, खात्याने तो कधी वापरू याचं मार्गदर्शक पत्रक काढलं. मार्गदर्शक पत्रकच, पुढच्या माणसाला ते बाजूला सारता येतं. माझी मागणी छोटी आहे. कर्जाचा पहिला डॉलर सुटायच्या आधी, करार नव्याने होताना, ताबा असलेल्या माणसाने स्वतःच्या नावाने सही करावी. कॉलेज बंद पडलं तर माफ झालेल्या कर्जाची भरपाई आधी त्याच्याकडून मागितली जाईल, हे त्या सहीच्या वर स्पष्ट अक्षरात लिहिलेलं असावं, वचनपत्रावर त्या बाईच्या सहीच्या वर तिची जबाबदारी लिहिलेली असते तसं.