प्रस्तावना शेवटी

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय छापलाय, ‘कादंबरीकाराने स्वतःचं ई-बुक कसं काढावं आणि कसं खपवावं’. विषय मीच दिला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. वेळ पाऊण तास. समोर बघते तर निम्म्या मंडळींच्या कपाटात एकेक हस्तलिखित पडून असणार, आणि उरलेले निम्मे त्यांचे नातेवाईक. (हशा)

माझी ओळख करून देताना ‘रहस्यकथा’ या शब्दाला सूत्रसंचालकांनी आवाज जरा खाली घेतला, तेही मी ऐकलं. असू द्या. कुठल्याही वाचनालयात जा, ज्या कपाटातल्या पुस्तकांची बांधणी सुटलीय, कोपरे दुमडलेत आणि शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलंय, ते कपाट आमचं असतं.

तर ‘काढावं कसं’ हा भाग अवघड राहिलेला नाही. किंडल, म्हणजे अ‍ॅमेझॉनचं ई-बुक वाचायचं यंत्र आणि त्याचं दुकान, अमेरिकेत नोव्हेंबर २००७ मध्ये आलं, आणि लेखकाने आपलं पुस्तक थेट चढवायची सोयही त्याच्याबरोबरच आली. मराठी पुस्तकं तिथे रीतसर यायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. आज तुम्ही घरी जाऊन भाकरी खाऊन रात्री बसलात, तर साधारण ७२ तासांच्या आत तुमची कादंबरी विक्रीला लागलेली असेल. प्रकाशक नको, कागद नको, पाचशे प्रतींचे गठ्ठे पलंगाखाली नकोत. त्यामुळे त्याचं शेवटी सांगते. आधी मला एका गोष्टीवर बोलायचंय, ते बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ती गोष्ट म्हणजे प्रस्तावना.

हसू नका. छापील पुस्तक माणूस दुकानात हातात घेतो, मधलं कुठलंही पान उघडतो, दोन संवाद वाचतो, किंमत बघतो. ई-बुकात मधलं पान उघडता येत नाही. वाचकाला फुकट बघायला मिळतो तो नमुना, आणि किंडलवर हा नमुना म्हणजे पुस्तकाचा साधारण पहिला १० टक्के भाग. पहिला. लेखकाला आवडतो तो भाग नव्हे, समीक्षकाने वाखाणला तो नव्हे. फाईल जिथून सुरू होते तिथपासून मोजून १० टक्के. तुमची कादंबरी ५० हजार शब्दांची असेल तर वाचकाच्या हातात ५ हजार शब्द पडतात. त्यात त्याने ठरवायचं, पैसे द्यायचे की नाही.

आणि मराठी कादंबरीच्या पहिल्या ५ हजार शब्दांत काय असतं? अर्पणपत्रिका. प्रकाशकाचं निवेदन. प्रस्तावना. लेखकाचं मनोगत. ऋणनिर्देश. मग अनुक्रमणिका. आपण ‘दोन शब्द’ असा मथळा देऊन बारा पानं लिहितो आणि त्याला कुणी हरकतही घेत नाही.

आता माझी हकीकत सांगते. माझी एक कादंबरी आहे, आपल्या सोलापूरच्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत घडते. टॉवेलचा कारखाना, मालकाचा खून, प्रेत रंगखान्यात सापडतं, संशय जॉबरवर, म्हणजे मागांवरच्या मुकादमावर. साधी सरळ रहस्यकथा. प्रकाशक मिळाले. नाव सांगत नाही, पुण्याचे होते एवढं पुरे. ते म्हणाले, ‘कुणा नावाजलेल्या माणसाची प्रस्तावना हवीच. नाहीतर ग्रंथालयं घेत नाहीत.’ आणि प्रस्तावनाकारही त्यांनीच ठरवले. एक ज्येष्ठ प्राध्यापक. आपण त्यांना नुसतं ‘सर’ म्हणू.

सरांकडे हस्तलिखित गेलं आषाढात. गणपती गेले, दिवाळी गेली. मी दर पंधरा दिवसांनी फोन करायची. सर म्हणायचे, ‘चिंतन चाललंय.’ रहस्यकथेवर कसलं चिंतन चालतं, मला कळेना. दिवाळीनंतर म्हणाले, ‘कादंबरीतल्या श्रमाच्या जाणिवेचा धागा सापडलाय, आता वेळ लागणार नाही.’ संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरली, नंदीध्वजांची मिरवणूक झाली, पाळणे उतरवून लोक गावोगाव गेले, तेव्हा प्रस्तावना आली. अठरा पानं.

वाचायला घेतली. पहिली दोन पानं जागतिक कादंबरीवर. तिसऱ्या पानावर सोलापूरच्या यंत्रमागाचा इतिहास. १९३० चा मार्शल लॉ, चार हुतात्मे, सगळं अगदी बरोबर, माझ्या कादंबरीत त्यातलं काहीही नाही. आणि पाचव्या पानावर सर लिहितात, ‘मालकाचा खून अखेर दिवाणजीच करतो, यातून लेखिकेने हिशेबाच्या संस्कृतीवर भेदक भाष्य केले आहे.’

(हशा, टाळ्या)

टाळ्या सरांना आहेत का मला? मंडळी, तो दिवाणजी शेवटच्या प्रकरणापर्यंत वाचकाला चहा देत असतो! त्याच्यावर कुणाचा संशय जाऊ नये म्हणून मी त्याला दमा दिला, पंढरीची वारी दिली, एक लग्नाची मुलगी दिली. आणि सरांनी त्याला पाचव्या पानावर बेड्या घातल्या. मी प्रकाशकांना फोन केला. ते म्हणाले, ‘सरांच्या शब्दाला कात्री लावता येणार नाही. आणि खरं सांगू, प्रस्तावना कुणी वाचत नाही.’

छापील पुस्तकात ते खरंही असेल. अठरा पानं अंगठ्याने उलटली की झालं. पण प्रकाशकांनी तीच फाईल ई-बुकाला वापरली. माझी भाची हिंजवडीला असते, सोलापूरची अर्धी तरुण पोरं तिकडेच आहेत. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसून तिने मोबाईलवर नमुना उतरवून घेतला. दौंडच्या आसपास तिचा फोन आला. ‘मावशी, सँपल वाचलं. छान लिहिलंय त्यांनी.’ मी म्हटलं, त्यांनी म्हणजे कुणी? म्हणाली, ‘ते सर.’

मग मी स्वतः तो नमुना उघडून बघितला. प्रस्तावनेतच बहुतेक शब्द गेले होते. कादंबरीचं एक वाक्यसुद्धा नव्हतं. नमुना ऋणनिर्देशात संपत होता, आणि शेवटची ओळ अशी होती, ‘मुखपृष्ठासाठी चादरीचे छायाचित्र काढू देणाऱ्या कारखानदारांचे आभार मानावेत तितके थोडेच.’ त्याच्याखाली बटण, आता विकत घ्या. कोण घेणार? खुनी कळला, आभार मानून झाले, वाचक उतरून गेला.

तिकडे मागे एक काका मान हलवतायत. मला माहीत आहे ते काय म्हणणार. तमाशातसुद्धा आधी गण होतो, मग गौळण, वग सगळ्यात शेवटी. शाहीर राम जोशींच्या गावात उभं राहून गण नको म्हणायचं म्हणजे धाडस आहे. पण काका, गणाला ढोलकी असते. माणूस तिकीट काढून, बूड टेकून बसलेला असतो, आणि गणात शाहीर वगाचा शेवट सांगत नाही. इथे वाचकाने तिकीट काढलेलंच नाही. तो तंबूच्या बाहेर उभा राहून फटीतून बघतोय. त्याला फटीतून काय दिसावं एवढंच मी म्हणतेय.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. प्रस्तावना घ्या, जरूर घ्या, पण पुस्तकाच्या शेवटी टाका. मनोगत शेवटी. आभार शेवटी. पुढे मुखपृष्ठ, नाव, हक्कांचं पान, आणि लगेच पहिलं प्रकरण. पहिलं प्रकरणही ‘सोलापूर हे एक ऐतिहासिक शहर आहे’ असं सुरू करू नका. माझ्या कादंबरीत प्रेत पूर्वी दुसऱ्या प्रकरणात सापडायचं. आता पहिल्याच पानावर, निळ्या रंगाच्या हौदात, बाहेर आलेल्या हाताच्या मनगटावर घड्याळ चालू आहे. नमुना संपतो तिथे जॉबर पळून गेलेला असतो. हे जमलं, कारण करारात ई-बुकचे हक्क फक्त तीन वर्षांसाठी दिलेले होते. मुदत संपल्यावर मी ते परत घेतले आणि पुस्तक स्वतः चढवलं. तुमचे करार घरी गेल्यावर काढून बघा. ‘सर्व माध्यमे, सर्व काळ’ असे शब्द असतील तर माझं आजचं भाषण तुमच्या उपयोगाचं नाही.

ई-बुक म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न, ‘पीडीएफ पाठवा ना.’ नवी पेठेत साडी घेताना कुणी दुकानदाराला म्हणतं का, फोटो पाठवा, मी नेसते? पण लेखकाकडे पीडीएफ मागायला कुणाला काही वाटत नाही. मागणारे चांगली माणसं असतात, पगारदार असतात. त्यांना मी आता नाही म्हणत नाही. मी पहिलं प्रकरण पाठवते आणि खाली दुव्याची ओळ टाकते. यातलं गणित थोडं समजून घ्या. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं असेल तर किंडलच्या सिलेक्ट योजनेत जावं लागतं, नाहीतर ३५ टक्के. सिलेक्टमध्ये गेलात की ९० दिवस तुमचं ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. दुसऱ्या दुकानात नाही, स्वतःच्या साइटवर नाही, फुकटसुद्धा नाही. छापील प्रत चालते. पण १० टक्क्यांपर्यंतचा नमुना मात्र तुम्ही कुठेही देऊ शकता. म्हणजे फिरून तेच आलं. जगभर वाटायला तुमच्याकडे हेच १० टक्के आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर, दिवाळी अंकात, वाचनकट्ट्यावर. त्यात सरांना बसवायचं की प्रेताला, ते तुम्ही ठरवा.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. (हशा) ठीक आहे, आता पत्रिकेतला विषय.

फाईल. तुमची कादंबरी डीटीपीवाल्याकडे जुन्या फाँटमध्ये असेल तर ती तशीच चढवू नका, मोबाईलवर नुसती अक्षरांची भेळ दिसेल. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनांवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या आणि बदलल्यावर ओळ न् ओळ वाचा. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र हमखास मोडतो, आणि खुनाच्या कथेत सुरा मोडून चालत नाही. मराठीसाठी पीडीएफ विसरा. वर्डची फाईल द्या किंवा ईपब, म्हणजे ई-बुकासाठीचीच फाईल. प्रकरणांच्या मथळ्यांना वर्डमधली मथळ्याची शैली (हेडिंग) लावा, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप होते. चढवल्यावर स्वस्तातल्या फोनवर उघडून बघा, तुमच्या टॅबवर नको.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, किंडलला लागत नाही, ते स्वतःचा क्रमांक देतात. हवाच असेल तर भारतात राजा राममोहन रॉय संस्थेकडून फुकट मिळतो. पैसे घेऊन मिळवून देणाऱ्यांपासून लांब राहा.

फोटो. प्रकाशन समारंभाचे, शाल-श्रीफळाचे फोटो पुस्तकात घालू नका. ७० टक्क्यांच्या योजनेत भारतातल्या प्रत्येक विक्रीमागे फाईलच्या दर एमबीला ७ रुपये कापले जातात. दहा फोटोंत तुमचं मानधन सत्काराला जातं.

कर. छापील पुस्तकाला जीएसटी नाही. ई-बुकाला आहे, आणि जुलै २०१८ पासून गंमत अशी की छापील आवृत्ती असेल तर ५ टक्के, नसेल तर १८. म्हणजे ज्याने झाड तोडलं नाही त्याला जास्त. यावर मी स्वतंत्र व्याख्यान देऊ शकते. देत नाही. अमेरिकेतल्या विक्रीसाठी कराचा फॉर्म भरताना पॅन नीट टाका. भारताशी करार असल्यामुळे तिथली कपात ३० ऐवजी १५ टक्क्यांवर येते.

पुस्तक चढवताना शोधशब्दांचे सात रकाने असतात. तिथे ‘कादंबरी’, ‘साहित्य’ असलं काही भरू नका. वाचक काय टाईप करेल ते भरा. बरेच जण मराठी रोमन लिपीत टाईप करतात, तेही भरा. पुस्तकाच्या माहितीत पहिल्या दोन ओळींत प्रेत आलं पाहिजे, तुमचे पुरस्कार नंतर.

सिलेक्टमध्ये पुस्तक फुकट ठेवायचे दिवस ९० दिवसांत पाचच मिळतात. ते सगळे एकदम उधळू नका. दिवाळी हा आपला वाचायचा हंगाम. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाला फराळाबरोबर वाचायला लागतं. दोन दिवस तेव्हा, आणि पुढची मुदत सुरू झाली की दोन मराठी भाषा गौरव दिनाच्या, २७ फेब्रुवारीच्या आसपास. आणि सिलेक्टची मुदत आपोआप वाढते, त्यासाठीची खूण आठवणीने काढा, नाहीतर दुसऱ्या दुकानात ठेवायला जाल आणि अडकाल.

अभिप्राय. घरच्यांना लिहायला लावू नका, नियमात बसत नाही. म्हणजे आजच्या सभागृहातले निम्मे बाद. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, सरांच्या प्रस्तावनेच्या आधी, दोन ओळींत अनोळखी वाचकाला विनंती करा. पुस्तक संपवलेल्या वाचकाला सांगावं लागतं, तो आपणहून लिहीत नाही.

पैसे. महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी खात्यात येतात. जूनमध्ये विकलेल्याचे ऑगस्टअखेर. किती येतात ते विचारू नका, आयोजकांनी मला जाण्यायेण्याचं भाडं दिलंय त्याच्याशी तुलना कराल. (हशा)

मुखपृष्ठाबद्दल राहिलंच. अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं ते. त्यावर नाव वाचता आलं पाहिजे, बाकी काही नाही. अध्यक्ष उठलेत. ज्यांना फाईल दाखवायची आहे त्यांनी बाहेर चहाजवळ यावं, फोन चार्ज असेल तर आधी.