ऱ्होडेशियाला मान्यता नव्हती, दगडाला होती

नमस्कार मंडळी. आपल्याकडचे बरेच आईबाबा मुलांना भेटायला अमेरिकेला जातात ना, त्यात कुणी अटलांटा एअरपोर्टवर उतरलं आणि आतली ट्रेन न पकडता टी कॉन्कोर्सकडून (म्हणजे एअरपोर्टच्या एका भागाकडून) ए कॉन्कोर्सकडे चालत गेलं तर वाटेत मोठमोठी दगडी शिल्पं लागतात, ती झिंबाब्वेची (पूर्वीच्या ऱ्होडेशियाची), शोना शिल्पं. शोना ही तिथली जमात.

ही काही हजार वर्षं चालत आलेली परंपरा नाही हं. ग्रेट झिंबाब्वे या तिथल्या जुन्या दगडी शहराच्या अवशेषांतले सोपस्टोनचे पक्षी जुने आहेत, पण आज जगभर जातं ते काम सुरू झालं १९५७ च्या आसपास, तेव्हा सॉल्सबरीत म्हणजे आत्ताच्या हरारेत नॅशनल गॅलरी उघडली आणि तिचा डायरेक्टर फ्रँक मॅकइवन याने स्थानिक लोकांना शिल्पकामाला लावलं. शेतीखात्यात नोकरी करणारा जोराम मारिगा, पोलिसात असलेला निकोलस मुकोम्बेरान्वा, असे लोक.

मग १९६५ ला ऱ्होडेशियातल्या गोऱ्यांच्या सरकारने ब्रिटनपासून परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं, निर्बंध आले, तंबाखूचा धंदा बसला. टॉम ब्लोमफील्ड नावाचा तंबाखूवाला शेतकरी, त्याच्या तेंगेनेंगेच्या जमिनीत सर्पेंटाइन दगड निघाला, तर त्याने मजुरांच्या हातात छिन्नी दिली! त्यातले कितीतरी मलावी, अंगोला, मोझांबिकहून आलेले, शोना नव्हतेच, तरी शिक्का तोच बसला. आणि १९७१ ला पॅरिसला, रोदँ या प्रसिद्ध शिल्पकाराच्या म्युझियममध्ये, या शिल्पांचं प्रदर्शन लागलं. ज्या सरकारला कुणी मान्यता देत नव्हतं त्याच्याच राज्यातल्या काळ्या माणसांच्या कामाला पॅरिसने दाद दिली, मला तर यातच सगळी मजा वाटते.

काम बघायचं तर कॉलीन मादामोम्बे या शिल्पकार बाईचं बघा. तिने घडवलेल्या ठसठशीत बायका, चेहरा आणि हात घासून काळे कुळकुळीत, पण झगा आणि केस दगडाच्या मूळ खडबडीत सालीचेच ठेवलेले. ती चकाकी कशी येते, तर पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरने घासत जायचं, मग दगड तापवून गरम असतानाच मेण लावायचं.

आता नाव झालं म्हटल्यावर नकलाही आल्या, रस्त्याकडेला एकाच साच्यातल्यासारख्या मूर्ती, ना सही ना नाव, आणि बाहेर विकताना लेबल फक्त 'शोना'. म्हणजे भाव जमातीच्या नावाला, ज्याने हात झिजवले तो गायब. कुठे घ्यायचा योग आलाच तर दुकानदाराला आधी विचारा, कुणी घडवलं? त्याला सांगता नाही आलं तर मी तरी घेणार नाही, कितीही गोड दिसू दे.