काचेच्या मशीनची तार

नमस्कार, श्रोतेहो.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. आम्ही दोघं साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकीच्या घाटात धुकं, बारीक पाऊस, आणि वळणावर शेगडीवर भाजलेली कणसं. बायकोने तिच्या बाजूची, म्हणजे डावीकडची काच खाली केली, लिंबू-तिखट-मीठ लावलेली दोन कणसं आत घेतली, पैसे दिले आणि बटण वर ओढलं. दारातून ‘कट्’ असा आवाज आला. मग ‘कट्-कट्-कट्’. काच वर आली नाहीच, उलट बोटभर दिसत होती तीही दारात उतरली. उरलेला घाट माझ्या बायकोने गाडीच्या आत छत्री उघडून काढला. मागच्या गाडीतल्यांना काय वाटलं असेल ते असो. कणसं मात्र गरम असतानाच संपवली.

पुण्यात परतल्यावर सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या मुलाने दाराला हातही लावला नाही. स्क्रीनकडे बघून म्हणाला, “काका, असेंब्ली बदलावी लागेल.” मोटर, मशीन, मजुरी धरून साडेसहा हजार. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली आहेत. ‘असेंब्ली’ म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. सगळी असेंब्ली काही एकदम मोडत नाही, तिच्यातलं एखादं काहीतरी मोडतं. ते कुठलं हे पाहायला अर्धा तास लागतो, आणि तेवढा अर्धा तास द्यायला कुणी तयार नसतं.

आधी दारात काय असतं ते सांगतो. काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेला पुस्तकात विंडो रेग्युलेटर म्हणतात, गॅरेजमध्ये नुसतं ‘मशीन’. याचे दोन प्रकार. जुन्या गाड्यांत कात्रीसारखे एकमेकांवर आडवे दोन हात असतात. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तारेचं मशीन असतं. म्हणजे एक उभी पत्र्याची पट्टी, वर एक पुली, खाली एक पुली, आणि विहिरीच्या रहाटासारखा एक प्लास्टिकचा ड्रम. मोटर ड्रम फिरवते, ड्रमवर पोलादी तार एका बाजूने गुंडाळली जाते आणि दुसऱ्या बाजूने सुटते. या तारेला प्लास्टिकची एक घोडी अडकवलेली असते आणि त्या घोडीत काच बसवलेली असते.

मोटर चिमुकलीच, 12 व्होल्टची. तिच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात आणि ते एका दातेरी चाकाला फिरवतात. यात गंमत अशी, की आटे चाकाला फिरवू शकतात, पण चाक आट्यांना फिरवू शकत नाही. म्हणून अर्धी उघडी काच तुम्ही हाताने कितीही दाबली तरी खाली जात नाही. वेगळं कुलूप लावायची गरजच पडत नाही. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने 1941 च्या मॉडेलच्या गाड्यांत बटणावर चालणारी काच आणली, तेव्हा तिच्या पोटात तेलाच्या दाबाची व्यवस्था होती. आपल्याकडे 1983 साली मारुती 800 आली ती हाताने फिरवायच्या हँडलची. त्या हँडलचे आतले दाते झिजले की लोक पक्कड लावून काच फिरवायचे. डॅशबोर्डच्या कप्प्यात कायम एक पक्कड. बदली पार्टाची आपली परंपरा ही अशी जुनी आहे.

आता बिघाड ओळखायचा कसा? कानाने. बटण दाबल्यावर काहीच आवाज आला नाही, तर आधी आतल्या दिव्याकडे बघा. बटण दाबताना दिवा किंचित मंद होत असेल, तर करंट मोटरपर्यंत पोहोचतो आहे आणि मोटर किंवा काच कुठेतरी अडकली आहे. दिवा ढिम्म राहिला, तर करंटच जात नाही. मग फ्यूज बघा, बटण बघा. बटणातले तांब्याचे पॉइंट ठिणग्यांनी काळे पडतात. शाळेतल्या पेन्सिलीच्या खोडरबराने पुसले तरी पुष्कळदा काम होतं. तिसरी जागा कुणी बघत नाही ती म्हणजे दाराच्या बिजागरीजवळची रबरी नळी. तिच्यातून वायरी जातात आणि दार उघडताना-मिटताना रोज वाकतात. पंधरा वर्षांत एखादी आतल्या आत तुटते, वरून प्लास्टिक शाबूत. दार हळूहळू हलवत बटण दाबून बघा, मध्येच काच चालली तर वायर तिथेच तुटलेली आहे.

आणि मोटर ‘घुंईं’ करते पण काच हलत नाही, किंवा आमच्यासारखं ‘कट्-कट्’ होतं, तर वीज ठीक आहे, मोडलंय ते बहुधा मशीन.

रविवारी सकाळी मी दार उघडायला घेतलं. पहिली गोष्ट, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. दारात हात असताना कुणी बटणाला धक्का लावला तर बोट जाईल, आणि आमच्याकडे नातू आहे. मशीनच्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, हातमोजे घाला. कात्रीचं मशीन असेल तर आणखी एक सावधगिरी. त्याला एक जाड स्प्रिंग असते, मोटर काढली की तो हात झटक्याने उडतो. आधी त्याला बोल्टने जखडा, मगच मोटर काढा. हे मी वर्गात दरवर्षी सांगायचो आणि दरवर्षी एक तरी मुलगा पट्टी बांधून यायचा.

दाराचं आतलं पॅनेल निघालं. आत काळ्या गोंदाने चिकटवलेला प्लास्टिकचा कागद असतो, तो सावकाश सोडवला. काच वर ओढून दाराच्या चौकटीवरून चिकटपट्टीने बांधली. मग दिसलं ते असं: ड्रमजवळ तार विस्कटून झाडूसारखी झालेली, तिचे तंतू ड्रमच्या खाचेत अडकलेले, आणि काचेची घोडी एका बाजूला तडकलेली. मोटर बॅटरीला थेट जोडली. छान फिरली. वायरी उलट जोडल्या, उलटी फिरली. म्हणजे साडेसहा हजारांतला मोठा वाटा ज्या मोटरचा, ती ठणठणीत होती. गेली होती एक तार आणि एक प्लास्टिकचा तुकडा.

पहिला प्रयोग फसला, तोही सांगतो. मेव्हणा अलिबागचा, गळ टाकून मासे पकडायचा नाद असलेला. त्याने दिलेली जाड नायलॉनची दोरी मी पोलादी तारेच्या जागी ओवली. ताकद भरपूर, गंजायचा प्रश्न नाही, ड्रमच्या खाचेत मापात बसली. चार दिवस काच लोण्यासारखी चालली. आठव्या दिवशी वाकडी झाली आणि चौकटीत रुतून बसली. नायलॉन ताणलं जातं. मासा ओढताना ते ताणलं जाणं हा गुण आहे, झटका खातं. इथे तार ढिली पडली की ड्रमवर एकावर एक चढते. मूळ तार नुसती मजबूत असून भागत नव्हतं, ती न ताणणारी असणंही तिचंच काम होतं. माझ्यासारख्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं.

मग गेलो सायकलच्या दुकानात. ब्रेकची आतली तार मागितली. मालक म्हणाला, “काका, कुठली सायकल?” म्हटलं, “चारचाकी.” ती तार साधारण दीड मिलिमीटर जाडीची, बारीक तंतूंची, वाकायला तयार आणि ताणायला नाखूश. मागच्या ब्रेकची घ्या, ती लांब असते. तीस रुपये. एका टोकाला धातूचा मणी, म्हणजे निपल, आलेलाच असतो. तो ड्रमच्या खोबणीपेक्षा मोठा होता, कानशीने घासून बसवला. खरी कसोटी दुसऱ्या टोकाची. तार कापली की तंतू फिस्कटतात, म्हणून मापाच्या जागी आधी डाख, म्हणजे सोल्डर, द्यायचा आणि मग कापायची. साधा इलेक्ट्रॉनिक्सचा सोल्डर पोलादी तारेला धरत नाही, मोत्यासारखा घरंगळतो. मी कल्हईवाल्याचा उपाय केला, नवसागर. तारेचं टोक स्वच्छ घासलं, पितळेच्या बारीक नळीचा तुकडा त्यावर चढवला, पलीकडे आलेले तंतू फुलासारखे पसरले, नवसागर लावून तापवलं आणि कथील आत ओढलं गेलं. तंतू पसरवायला विसरू नका. नुसत्या कथिलाच्या भरवशावर तार ठेवली तर ती नळीतून सुटून येते. काम झाल्यावर गरम पाण्याने धुवून ग्रीस लावा, नाहीतर तो नवसागरच तार खाईल.

जुन्या तारेची लांबी आधी मोजून ठेवा. तुटलेली असली तरी दोन्ही तुकडे फेकू नका, जोडून मोजा. मी एक तुकडा कचऱ्यात टाकला होता. तो शोधण्यात रविवारची दुपार गेली.

घोडीचं काय? इथे काचेचा स्वभाव माहीत हवा. दाराची काच टफन केलेली असते. तिला भोक पाडता येत नाही, कडेला धातूचं टोक लागून ताण आला तर सगळ्या काचेचा चुरा होतो. म्हणून मी खिडक्या बनवणाऱ्याकडून अ‍ॅल्युमिनियमच्या सेक्शनचा वीतभर तुकडा आणला, त्याची मापाने घोडी केली, आणि काच आणि धातू यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा घातला. चिकटवायला एम-सील वापरायचा मोह होतो. तो दगडासारखा कडक होतो, आणि दार रोज आपटायची वस्तू आहे. त्यापेक्षा पुढची मोठी काच बसवणारे जो काळा, रबरासारखा राहणारा सीलंट वापरतात तो घ्या आणि एक पूर्ण दिवस वाळू द्या.

माझा एक विद्यार्थी सिंहगड रोडला गॅरेज चालवतो. त्याच्याशी माझा एका मुद्द्यावर वाद आहे. काही मोटरींमध्ये त्या दातेरी चाकाच्या पोटात प्लास्टिकच्या किंवा रबराच्या तीन गोट्या असतात. काही वर्षांनी त्यांचा भुगा होतो, मग मोटर फिरते आणि काच जागेवर. हा पठ्ठ्या त्या जागी तीन लोखंडी नट बसवतो. “सर, आयुष्यभर बघायला नको.” नट बसतात, काच चालते, हे खरं. पण त्या गोट्या कशाला दिल्या होत्या? काच वर जाऊन टेकली की बसणारा धक्का झेलायला. नट घातल्यावर तोच धक्का चाकाच्या दातांवर जातो, आणि दात प्लास्टिकचे. मी कडक रबरी बुश कापून तुकडे घालतो. ते दोन-चार वर्षांनी बदलावे लागतील. त्याचं म्हणणं, तोवर गिऱ्हाईक गाडीच विकतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

काही ठिकाणी मात्र स्वस्तातलं अजिबात चालवून घेऊ नका. बिजागरीजवळची वायर तुटली तर घरात लाइट फिटिंगची उरलेली एकतारी वायर तिथे जोडू नका. ती भिंतीत गप्प बसायला बनवलेली आहे, रोज वाकवली की महिन्यात तुटेल. बारीक तंतूंची लवचिक वायर घ्या, जोड बिजागरीपासून लांब द्या. दुसरं, फ्यूज. 20 अँपिअरचा पिवळा फ्यूज सारखा उडतो म्हणून 30 चा हिरवा घालायचा, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी गुंडाळायची, हे गाडी पेटवायचे रस्ते आहेत. फ्यूज सारखा उडतो तो बहुतेकदा काच जड झाल्यामुळे. ती का जड झाली ते शोधा. बहुधा बीडिंगच्या, म्हणजे काचेच्या कडेच्या रबरी पट्टीच्या, खाचेत चिखल वाळलेला असतो. ओल्या फडक्याने खाच पुसा, सिलिकॉनचा फवारा मारा. ग्रीस नको, इंजिन ऑइल नको, रबर फुगतं. आमच्या एका शेजाऱ्यांनी खोबरेल घातलं होतं. पुण्याच्या डिसेंबरात खोबरेलाचं काय होतं, हे न्हाणीघरातली बाटली रोज सकाळी सांगत असते.

अख्खं मशीनच गेलं असेल, पट्टी वाकली, ड्रम फुटला, तर पुण्याच्या नाना पेठेत बिगर-कंपनीचं नवं मिळतं, किंवा बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात मोडीत निघालेल्या गाडीचं. तिथे जाताना जुनं मशीन पिशवीत घालून न्या. डाव्या दाराचं उजव्याला चालत नाही, आरशातल्यासारखं उलटं असतं. मी एकदा घासाघीस करून चारशेला आणलं आणि घरी आल्यावर कळलं. आता ते माळ्यावर आहे, उजवं मोडायची वाट बघत.

सगळं जुळल्यावर पॅनेल लगेच लावू नका. दोन दिवस तसंच चालवा, काच पन्नासदा वर-खाली करा. सलग मात्र नको. मोटर तापली की काही गाड्यांत ती स्वतःहून थोडा वेळ बंद पडते आणि आपल्याला वाटतं जळाली. तुमच्या गाडीत अडथळा आला की काच आपोआप परत खाली जायची सोय असेल, तर बॅटरी काढल्यानंतर ती सोय विसरलेली असू शकते. गाडीच्या पुस्तकात पुन्हा शिकवायची रीत दिलेली असते, ती करा. मग वर्तमानपत्राची गुंडाळी काचेत धरून तपासा. हात घालून तपासू नका. माझ्या हाताने केलेल्या दुरुस्तीवर माझा विश्वास आहे, पण बोटं घालण्याइतका नाही.

तो प्लास्टिकचा कागद परत नीट चिकटवा, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी पायाखाली येतं. शेवटी पॅनेल. पॅनेल लावून झालं की दोन क्लिपा उरतात. कुणीही लावा, कुठलीही गाडी असो. माझ्या दोन अजून टीव्हीजवळच्या वाटीत आहेत. खड्ड्यातून गेलं की डावं दार थोडं खडखडतं. बायको म्हणते, “ऐकू येतंय.” मी रेडिओ मोठा करतो.

नमस्कार.