बेसवरून फायनलला: सोनेगावच्या आकाशातलं शेवटचं वळण

[दृश्य: सकाळचे साडेसहा. एप्रनवर उभी सेसना १५२. विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) अर्धा भरलेला, वारा नैऋत्येकडून.]

नागपूरच्या सोनेगाव विमानतळाचा रनवे वायव्येकडून आग्नेयेकडे पसरलेला आहे. एका टोकावर १४ हा आकडा, दुसऱ्यावर ३२; पुढे शून्य जोडलं की दिशा अंशांत मिळते. लांबी ३,२०० मीटर, रुंदी ४५ मीटर. सेसना १५२ हे छोटं प्रशिक्षण विमान टेकल्यावर थांबायला यातले दीडशे मीटरही पुरे होतात. जागेची अशी रेलचेल असताना छोटं विमान अडचणीत येतं ते रनवेला लागण्याआधीच्या वळणात. वैमानिक त्याला 'बेस टू फायनल' म्हणतात.

आधी सर्किट, म्हणजे उतरण्यासाठी रनवेजवळ घ्यायची ठरलेली फेरी, समजून घेऊ. विमान रनवेला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेनं जातं, ते डाउनविंड. तिथून काटकोनात वळलं की बेस. पुन्हा काटकोनात वळून रनवेच्या रेषेत आलं की फायनल. सर्किटची उंची जमिनीपासून १,००० फूट. सोनेगाव समुद्रसपाटीपासून हजार फुटांहून थोडं वर असल्यानं क्यूएनएच लावलेला, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा, अल्टिमीटर डाउनविंडवर २,००० च्या आसपास दाखवतो आणि शेवटच्या वळणात १,५००. नवशिक्याला १,५०० वाचून बरं वाटतं. प्रत्यक्षात खाली जमीन पाचशे फुटांवर असते.

[दृश्य: नकाशा. रनवे ३२, डाव्या हाताचं सर्किट. नैऋत्येकडून वाऱ्याचे बाण.]

पावसाळ्यातलं ३२ चं डावं सर्किट, म्हणजे सगळी वळणं डावीकडे, घ्या. डाउनविंडची दिशा १४० अंश, रनवेच्या नैऋत्य अंगानं, मिहान औद्योगिक क्षेत्राच्या बाजूनं. वारा २४० अंशांवरून, म्हणजे नैऋत्येकडून, १५ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). हा वारा डाउनविंडवरच विमानाला रनवेकडे सरकवू लागतो. नाक दहा अंश वाऱ्यात, म्हणजे १५० वर धरलं तर विमान जागच्या रेषेत राहतं; १४० वर धरलं तर नकळत आत येतं. १५२ मध्ये याची खूण खिडकीतच आहे. डाव्या पंखाला खालून तोलणाऱ्या तिरक्या दांडीच्या, म्हणजे स्ट्रटच्या, साधारण मध्यावर रनवे दिसायला हवा. तो दारापाशी घसरला, तर तुम्ही फार जवळ आलात.

चुकीची सुरुवात इथे होते, फायनलच्या वळणात ती फक्त दिसते. कारण बेसची दिशा ०५०, आणि आता तोच वारा पाठीमागून. एअरस्पीड, म्हणजे हवेतला वेग, ७० नॉट असला तरी जमिनीवरचा वेग ८५ च्या घरात. २० अंशांच्या बँकनं, म्हणजे विमान तेवढं कलवून, ९० अंश वळायला सुमारे १६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात १५ नॉटचा वारा विमानाला सव्वाशे मीटर पलीकडे नेतो. रनवेची रुंदी किती, ते वर सांगितलंच आहे.

[दृश्य: कॉकपिटमधून. रनवेची मध्यरेषा डावीकडे निसटते आहे.]

वळण चालू असताना लक्षात येतं की रेषा हुकणार. इथपर्यंत काहीही बिघडलेलं नाही. बिघडतं ते हुकलेली रेषा पकडण्याच्या धडपडीत.

बँक वाढवायची भीती वाटते, कारण जमीन जवळ. मग डावा पाय आपोआप रडरवर (शेपटीची उभी पट्टी हलवणाऱ्या पेडलवर) दाबला जातो, नाक जरा लवकर फिरावं म्हणून. नाक फिरतंही. पण बाहेरचा पंख जास्त वेगानं फिरू लागल्यानं त्याची लिफ्ट, म्हणजे उचल, वाढते आणि बँक आणखी कलते. ती थोपवायला हात योक (विमानाचं स्टिअरिंग) उजवीकडे वळवतो. कललेल्या विमानात आतला रडर नाकाला जमिनीकडे ओढतो, म्हणून हात योक मागेही खेचतो. पाय डावीकडे, योक उजवीकडे आणि मागे: याला 'क्रॉस्ड कंट्रोल्स' म्हणतात आणि अशा वळणाला 'स्किड'. यातली प्रत्येक हालचाल त्या क्षणी बरोबरच वाटते. म्हणूनच हा सापळा जुन्या हातांनाही चकवतो.

[दृश्य: ॲनिमेशन. आतल्या आणि बाहेरच्या पंखावरचा हवेचा कोन.]

पंख स्टॉल होतो, म्हणजे त्याची लिफ्ट कोसळते, ती हवेशी त्याचा कोन मर्यादेबाहेर गेल्यावर. या जातीच्या विमानांत ती मर्यादा १५-१६ अंशांच्या आसपास. स्किडमध्ये आतला पंख आधीच सावकाश चाललेला असतो. त्यात योक उजवीकडे असल्यानं डाव्या पंखाचं एलेरॉन (मागच्या कडेची हलती पट्टी) खाली झुकलेलं, म्हणजे त्या भागाचा कोन आणखी वाढलेला. वरून मागे खेचलेला योक. तो पंख आधी सुटतो आणि विमान आतल्या बाजूला, खाली गेलेल्या पंखाकडेच उलटतं. त्या वेळी योक आणखी उजवीकडे नेणं म्हणजे सुटलेल्या पंखाचा कोन आणखी वाढवणं. स्पिनची, म्हणजे गिरक्या घेत खाली कोसळण्याची, सुरुवात ही अशी.

स्पिनमधून बाहेर यायची रीत ठरलेली आहे: थ्रॉटल बंद, एलेरॉन मध्यावर, फिरण्याच्या उलट दिशेला पूर्ण रडर, मग योक झपकन पुढे, आणि गिरकी थांबली की रडर मध्यावर आणून डाइव्हमधून अलगद वर. पण १५२ च्या हँडबुकप्रमाणे एका फेऱ्याच्या स्पिनसाठी आणि त्यातून सावरण्यासाठी किमान १,००० फूट हिशेबात धरायचे असतात. फायनलच्या वळणात आपल्याकडे त्याच्या निम्मेही असतील-नसतील. त्यामुळे ही रीत पाठ असणं आवश्यक असलं, तरी इथे कामाची नाही.

उलट प्रकार म्हणजे 'स्लिप': पाय कमी, बँक जास्त, बॉल (वळण नीट आहे का ते दाखवणारी काचनळीतली गोळी) आतल्या बाजूला. स्लिपमध्ये स्टॉल झालाच तर सहसा वरचा पंख आधी सुटतो आणि विमान निदान सरळ होण्याच्या दिशेनं लोळतं. दोन्ही वळणं बेशिस्तच, पण सारखी धोक्याची नाहीत. बॉल वळणाच्या बाहेर पळाला असेल, तर आतला पाय लगेच सैल.

आता आकडे. फ्लॅप (पंखामागच्या, उतरताना खाली सोडायच्या झडपा) वर, वजन पूर्ण, तर १५२ सरळ उड्डाणात ४० नॉट इंडिकेटेडला (इंडिकेटरवर दिसणाऱ्या वेगाला) स्टॉल होतं. उंची राखून ३० अंश बँक केली तर ४३ ला, ४५ अंशांना ४८ ला, ६० अंशांना ५७ ला. ३० पर्यंत फरक किरकोळ. पुढे तो झपाट्यानं वाढतो. म्हणून सर्किटमध्ये ३० च्या वर बँक नाही, हा नियम. पण हे आकडे बॉल मधोमध असतानाचे आहेत, स्किडमध्ये त्यांचा आधार धरू नये. १५२ चा स्टॉल वॉर्निंग हॉर्न स्टॉलच्या ५ ते १० नॉट आधी वाजतो, पण त्याचं छिद्र डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला आहे. उजव्या सर्किटमध्ये आतला पंख उजवा असतो, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नये.

[दृश्य: मे महिना. डांबरावर तरळणारी झळ.]

नवतपात, ४५ अंशांच्या दुपारी, सोनेगावची डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणावरून ठरणारी उंची) ५,००० फुटांच्या आसपास जाते. एअरस्पीड इंडिकेटरवरचे आकडे तेच राहतात. हवेतला खरा वेग मात्र साधारण ८ टक्क्यांनी जास्त, आणि वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यानं तेवढ्याच बँकला वळण सहाव्या हिश्शानं मोठं. जमीन जास्त वेगानं पळताना दिसते, 'आपण फार वेगात आहोत' असा भास होतो, आणि हात नाक वर करतो. पाठीमागच्या वाऱ्यातही नेमका हाच भास होतो. उपाय एकच: वेग जमिनीवरून ताडायचा नाही, इंडिकेटरवर वाचायचा. इंजिनाचा जोरही अशा हवेत कमी, त्यामुळे गो-अराउंडचा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाण्याचा, निर्णय एरवीपेक्षा लवकर.

टॉवरचंही एक सांगायला हवं. इथे मोठी जेट विमानं येतात, आणि मागे एअरबस असली की छोट्या विमानाला 'शॉर्ट ॲप्रोच', म्हणजे लवकर वळून जवळच्या वाटेनं उतरणं, करता येईल का, अशी विचारणा होऊ शकते. जमत नसेल तर 'अनेबल' (जमणार नाही) म्हणायचं. त्यात कमीपणा काही नाही. वर्तुळ मारून थांबायला सांगितलं, तर ते डाउनविंडवर, पूर्ण उंचीवर. बेसवर कमी वेगात नको.

[दृश्य: पुन्हा कॉकपिट. तीच हुकलेली रेषा.]

रेषा हुकली आहे. बँक २५ वर आहे, ती तिथेच ठेवायची. योकचा मागचा ओढा सैल. बॉल मधोमध. रेषेपलीकडे जाऊन हलक्या वळणानं परत येण्याइतकं अंतर आणि उंची असेल, तर तसं यायचं. नसेल तर पंख समतल आणि गो-अराउंड.

यातही एक खाच आहे. ॲप्रोचसाठी ट्रिम (योकवर हाताचा जोर लागू नये म्हणून लावलेली रचना) नाक वर ठेवणारं असतं. पूर्ण थ्रॉटल दिलं की नाक जोरात उसळतं आणि डावीकडे ओढ घेतं. योक पुढे दाबून धरावा लागतो, उजवा पाय द्यावा लागतो. कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देणारी खुंटी) आत, म्हणजे बंद. फ्लॅप ३० अंशांवर असतील तर लगेच २० वर, ५५ नॉट, चढ पक्का झाल्यावर उरलेले हळूहळू वर. रेडिओ सगळ्यात शेवटी.

हे सगळं आधी उंचीवर, इन्स्ट्रक्टरसोबत करून पाहायचं असतं. स्पिनपर्यंत गेलं तरी जमिनीपासून ४,००० फुटांच्या वरच सावरून होईल, इतकं वर. १५२ मध्ये फ्लॅप उघडे ठेवून स्पिन करायला मनाई आहे, म्हणून हा सराव फ्लॅप वर घेऊनच. थ्रॉटल बंद, डावं वळण, डावा पाय जास्त, योक उजवीकडे आणि मागे. पंख किती अचानक पडतो, ते तिथे कळतं.

[दृश्य: दुसरी फेरी. डाउनविंड.]

या वेळी नाक १५० वर. रनवे स्ट्रटच्या मध्यावर. थ्रॉटल १,५०० आरपीएमवर, कार्ब हीट बाहेर, फ्लॅप १०. बेसवर ७० नॉट, फ्लॅप २०. वारा पाठीमागे आहे, म्हणून वळण रेषेच्या बरंच आधी सुरू. बँक २०. बॉल मधोमध. ६५ नॉट.

"फायनल, रनवे थ्री टू."