१८१३ बाइट: फायलीत घुसणारे पहिले व्हायरस

[काळा पडदा. कर्सर लुकलुकतोय.]

हा जो पडदा दिसतोय ना तो डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या पीसीवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा. माउस नाही, आयकॉन नाही, नुसता सी प्रॉम्प्ट. डिर टाइप करून एंटर मारलं की फायलींची यादी येते, आधी नाव, मग बाइटमध्ये साइज, मग तारीख आणि वेळ. यातली एकच ओळ बघा. छोटासा कॉम प्रोग्रॅम आहे, म्हणजे डॉसवर चालणारी एक साधी प्रोग्रॅम फाइल, साइज ५००० बाइट. हा आता आपण चालवू.

चालला. काम केलं, बंद झाला, आवाज नाही, एरर नाही, काहीच नाही. परत डिर. तारीख तीच, वेळसुद्धा तीच. साइज मात्र ६८१३.

१८१३ बाइट वाढले. आजच्या हिशेबात हे काहीच नाही, युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे एवढ्या जागेत मराठीची जेमतेम ६०० चिन्हं मावतील, एखादा लांबलेला व्हॉट्सअॅप मेसेज म्हणा. पण या एवढ्याशा जागेत एक अख्खा व्हायरस बसलाय, आणि त्याने नुकतीच स्वतःची अजून एक कॉपी काढली आणि तुम्हाला कळलंही नाही.

[जेरुसलेमचा नकाशा. वर्ष: १९८७]

ऑक्टोबर १९८७ मध्ये हा सापडला जेरुसलेमच्या हिब्रू युनिव्हर्सिटीत, म्हणून नाव पडलं जेरुसलेम व्हायरस. कोणी त्याला फ्रायडे द थर्टीन्थ म्हणायचं, ते का ते पुढे येईलच. हा काही जगातला पहिला व्हायरस नाही, त्याच्या आधी १९८६ ला लाहोरचा ब्रेन आला होता, पण ब्रेन फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या भागात बसायचा, फायलींना हात लावायचा नाही. जेरुसलेम थेट प्रोग्रॅमच्या फायलीत घुसायचा, कॉम आणि ईएक्सई, डॉसच्या प्रोग्रॅम फायलींचे हे दोन्ही प्रकार. आणि माझ्या मते फाइल व्हायरस ही काय चीज आहे हे समजायला याच्याइतका चांगला नमुना दुसरा नाही, कारण याच्यात सगळं आहे, हुशारीपण आणि ढोबळ चूकपण.

आता तो करतो काय ते नीट बघू. कॉम फाइल चालवली की पहिल्या बाइटपासून काम सुरू होतं, सरळ. जेरुसलेम फाइलच्या अगदी पुढे, मूळ प्रोग्रॅमच्या आधी येऊन बसलेला असतो, १८०८ बाइट. त्यामुळे तुम्ही हिशेबाचा प्रोग्रॅम चालवा नाहीतर गेम, पहिला नंबर याचाच. उठल्या उठल्या तो डॉसला एक विचित्र सवाल टाकतो, जो कुठलाही साधा प्रोग्रॅम विचारत नाही. ठरलेलं उत्तर आलं तर समजायचं की आपला भाऊबंद आधीच मेमरीत आहे, मग गुपचूप मूळ प्रोग्रॅमला वाट मोकळी करून द्यायची. उत्तर नाही आलं तर मग स्वतः मेमरीत मुक्काम ठोकायचा, आणि मशीन बंद होईपर्यंत हलायचं नाही.

मेमरीत बसून तो इंटरप्ट २१ पकडतो. हा इंटरप्ट म्हणजे डॉसची खिडकी. तहसील कचेरीत कसं, काम कुठलंही असो अर्ज त्या एकाच खिडकीवर द्यायचा, तसं डॉसमध्ये फाइल उघडा, वाचा, लिहा, प्रोग्रॅम चालवा, सगळं इथूनच. व्हायरस या खिडकीच्या अलीकडे टेबल टाकून बसतो. प्रत्येक अर्ज आधी याच्या हातात पडतो, मग पुढे जातो. प्रोग्रॅम चालवायचा अर्ज आला की आधी ती फाइल बाधित करायची आणि मग खिडकीवर सोडायचं. फाइल रीड-ओन्ली असेल तर ते अॅट्रिब्यूट काढायचं, काम झालं की परत लावायचं. तारीख वेळ आधी टिपून ठेवायची आणि नंतर होती तशी लिहायची, म्हणून तर मघाशी डिरमध्ये ती बदलली नाही. फ्लॉपी राइट प्रोटेक्ट असेल तर डॉस जी एरर दाखवतो तीसुद्धा हा मधल्यामधे दाबतो. आणि कमांड डॉट कॉम, म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारी डॉसची स्वतःची फाइल, तिला मात्र तो मुद्दाम सोडून देतो.

कॉम फाइलच्या शेवटी तो ५ बाइटची खूण ठेवतो, एम एस डॉस ही अक्षरं. १८०८ अधिक ५, झाले १८१३. खूण दिसली की ही फाइल आपलीच, परत हात लावायचा नाही.

आणि इथेच तो फसला. ईएक्सई फाइलच्या बाबतीत ही तपासणी चुकलेली होती. त्यामुळे तीच ईएक्सई दहादा चालवली तर दहादा बाधित व्हायची, दर वेळी १८०८ ते १८२३ बाइट वाढ, थरावर थर, कांद्याच्या पापुद्र्यासारखे. होता होता फाइल एवढी फुगायची की ६४० केबी मेमरीत मावेनाशी व्हायची आणि प्रोग्रॅम चालायचाच बंद. काल चालणारा प्रोग्रॅम आज मेमरी पुरत नाही म्हणतो म्हटल्यावर माणूस साइज बघणारच. ही चूक झाली नसती तर तो अजून कितीतरी दिवस शांतपणे पसरत राहिला असता असं मला वाटतं.

दुसरं लक्षण म्हणजे मेमरीत बसून अर्धा तास झाला की मशीन रेंगाळायला लागायचं. पीसीचं घड्याळ सेकंदाला साधारण १८.२ वेळा टिकटिक करतं, त्या प्रत्येक टिकला व्हायरस मुद्दाम प्रोसेसरला रिकामे हेलपाटे मारायला लावायचा. आणि पडद्याच्या डाव्या बाजूला एक छोटा चौकोन दोन ओळी वर सरकायचा, तिथली अक्षरं जागची हलून काळा डाग उरायचा.

[कॅलेंडर: मे १९८८]

आणि मग तेरा तारीख. शुक्रवार आणि १३ तारीख एकत्र आली की तो वेग वगैरे कमी करायच्या भानगडीत पडत नाही, त्या दिवशी जो प्रोग्रॅम चालवाल तो सरळ डिलीट. फक्त १९८७ सालाला सूट होती, म्हणजे पसरायला वेळ मिळावा म्हणूनच असणार. त्यामुळे नोव्हेंबर १९८७ चा शुक्रवार १३ कोरडा गेला, आणि पहिली खरी तारीख आली १३ मे १९८८, त्या वर्षातला तो एकच तसा शुक्रवार. इस्रायलची स्थापना १४ मे १९४८ ची, चाळीस वर्षांना एकच दिवस कमी, त्यावरून राजकारणाचे तर्क लढवले गेले. पण कोडमध्ये बघाल तर तिथे मे महिना नाही, १९८८ नाही, फक्त वार, तारीख आणि १९८७ सोडून, एवढंच आहे. मी तरी कोडवरच विश्वास ठेवीन.

आता काढायचा कसा.

यात मी स्वतः केलेली चूक आधी सांगतो. नव्वदीच्या सुरुवातीला तालुक्याच्या गावी एका कॉम्प्युटर क्लासला जायचो, चपला बाहेर काढून, एसीच्या खोलीत. तिथल्या एका मशीनवर हा निघाला. आम्ही पोरांनी काय केलं, हार्ड डिस्कला फॉरमॅट मारला, कारण तेव्हा प्रत्येक दुखण्यावर हाच उपाय. दुपारभर बसून डॉस टाकलं, सगळे प्रोग्रॅम परत चढवले, आणि संध्याकाळी डिर केलं तर साइज परत वाढलेल्या. ज्या डब्यातल्या फ्लॉप्यांवरून प्रोग्रॅम चढवले त्यातलीच एक बाधित होती. एका मित्राने महिनाभर खपून टाइप केलेला डेटा मात्र फॉरमॅटमध्ये गेला तो गेलाच, आणि तो डेटा व्हायरसने नाही, आम्ही घालवला. जेरुसलेम डेटा फायलींना शिवतसुद्धा नव्हता हो. तो मित्र काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा. पहिलं काम, मशीन बंद. नुसतं कंट्रोल-ऑल्ट-डिलीट नाही, कारण काही व्हायरस त्यातूनही तग धरायचे, वीज बंद म्हणजे मेमरी कोरी. मग स्वच्छ, राइट प्रोटेक्ट केलेल्या डॉस फ्लॉपीवरून बूट. सव्वापाच इंचीच्या फ्लॉपीला कडेला एक खाच असते, तिच्यावर चिकटपट्टी लावायची, साडेतीन इंचीला सरकणारं छोटं झाकण असतं ते सरकवून भोक उघडं ठेवायचं. ही अडवणूक ड्राइव्हच करतो, तिथे व्हायरसची एररदाबी चालत नाही, लिहिणंच होत नाही.

हे एवढं कशाला, असं त्या वेळी पुष्कळांना वाटायचं. याचं उत्तर १९८९ मध्ये बल्गेरियातल्या सोफियाहून आलं, डार्क अॅव्हेंजर नावाच्या व्हायरसमधून. हा १८०० बाइटचा, पण प्रोग्रॅम चालवायचीही वाट बघायचा नाही, फाइल नुसती उघडली तरी बाधित करायचा. आता विचार करा, व्हायरस मेमरीत आहे आणि तुम्ही वरून स्कॅनर, म्हणजे व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम चालवला. स्कॅनर काय करतो, डिस्कवरची एकूण एक प्रोग्रॅम फाइल उघडून बघतो. म्हणजे औषध द्यायला घरोघर फिरणाराच रोग वाटत फिरला. म्हणून आधी मेमरी, मग डिस्क.

[हेक्स एडिटर. आकड्यांच्या रांगा.]

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. ही बाधित फाइल आतून बघा. व्हायरसला लपून राहायचं असेल तर मूळ प्रोग्रॅम नीट चालला पाहिजे, आणि तो चालवायचा तर मूळ प्रोग्रॅम सुरू कुठे होतो हे व्हायरसला कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. साफ करणारा प्रोग्रॅम तेच टिपण वाचतो. कॉम असेल तर सोपं, पुढचे १८०८ काप, मागचे ५ काप, राहिलं ते मूळ. ईएक्सईमध्ये व्हायरस शेवटी चिकटतो आणि हेडरमधला, म्हणजे फाइलच्या पुढे असलेल्या माहितीच्या नोंदीतला, सुरुवातीचा पत्ता बदलून स्वतःचा टाकतो, मूळ पत्ता पोटात जपून ठेवतो. तो काढून हेडरमध्ये परत लिहायचा आणि शेपूट कापायचं. दहा थर असतील तर सगळ्यात शेवटी चढलेला आधी काढायचा, कारण त्याच्या पोटात नवव्याचा पत्ता, नवव्याच्या पोटात आठव्याचा. असं करत करत खाली मूळ प्रोग्रॅम सापडतो. व्हायरस काढणारे प्रोग्रॅम बघा, आइसलँडचं एफ-प्रॉट असो, मॅकॅफीचं स्कॅन आणि क्लीन असो, किंवा कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात करून पुण्यात काटकर बंधूंनी उभं केलेलं क्विक हील असो, फाइल व्हायरस काढायची मूळ युक्ती हीच.

पण जिथे व्हायरसने काही जपूनच ठेवलं नाही तिथे कुणाचं काही चालत नाही. व्हिएन्ना व्हायरस बघा, ६४८ बाइटचा. हा मेमरीत राहत नाही, बाधित प्रोग्रॅम चालला की दुसरी कॉम फाइल शोधतो, तिच्या शेवटी चिकटतो, पहिले ३ बाइट स्वतःकडे घेऊन तिथे आपल्याकडे यायची उडी लिहितो. आणि फाइलच्या वेळेत सेकंदाच्या जागी ६२ टाकतो, ६२ सेकंद घड्याळात नसतातच, डिरमध्ये सेकंद दिसत नाहीत, पण त्याला खूण पटते. हे ३ बाइट परत जागेवर ठेवले की फाइल बरी. पण साधारण आठातल्या एका फाइलला तो चिकटत नाही, तिच्या पहिल्या ५ बाइटवर मशीन रीबूट करणारी सूचना लिहून टाकतो, आणि ते मूळ ५ बाइट कुठेच ठेवत नाही. अशी फाइल स्कॅनर ओळखेल, पण बरी नाही करू शकणार. ती टाकायची आणि मूळ फ्लॉपीवरून परत घ्यायची.

कास्केड वेगळ्याच तऱ्हेचा, तो १७०१ बाइटचा, पडद्यावरची अक्षरं पावसासारखी खाली पाडायचा. त्याने स्वतःचं शरीर किल्लीने झाकून घेतलं, म्हणजे स्वतःचा कोड सांकेतिक करून ठेवला, आणि किल्ली फाइलगणिक वेगळी, मग स्कॅनरने ओळखायचं कशावरून, तर किल्ली फिरवणारा जो छोटा उघडा तुकडा सुरुवातीला राहतो त्यावरून. पुढे कॅस्परस्की अँटिव्हायरस काढणाऱ्या युजीन कॅस्परस्कीच्या मशीनवर १९८९ मध्ये हाच आला आणि तिथून कॅस्परस्की या कामात पडला.

जेरुसलेमच्या ईएक्सईकडे परत येतो, एक बारीक गोष्ट राहिली. चिकटण्याआधी व्हायरस फाइलची लांबी १६ च्या पटीत आणतो, म्हणून तर ती वाढ १८०८ ते १८२३ अशी कमीजास्त. साफ केल्यावर हे भरीचे बाइट बऱ्याचदा मागे राहतात. प्रोग्रॅम चालतो, स्कॅनर काही सापडलं नाही म्हणतो, पण मूळ फाइलशी ताडून बघितलं तर शेवटी दोन-चार बाइट जास्त. म्हणून जुनी मंडळी शक्य असेल तिथे दुरुस्त करत बसायची नाहीत, बाधित फाइल उडवायची आणि कंपनीच्या मूळ डिस्कवरून नवी कॉपी घ्यायची, मग खोलीतली एकूण एक फ्लॉपी तपासायची, कपाटातली, टेबलाच्या खणातली, आणि जी कुणीतरी घरी नेलीये तीसुद्धा मागवून.

[फ्लॉपीचा डबा. एक हात सव्वापाच इंची फ्लॉपीच्या खाचेवर चिकटपट्टी लावतोय.]