यशवंतरावांची बेरीज

मंडळी, उजनीच्या जलाशयाचं नाव यशवंतसागर आहे. नळाला पाणी कधी येणार याची वाट बघताना आपल्याला ते आठवत नाही. 117 टीएमसीचं ते धरण. तरीही यशवंतराव चव्हाणांनी आपल्या सोलापूर जिल्ह्याला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट धरण नव्हे, जिल्हा परिषद आहे असं मी मानतो. आज तेच सांगायला उभा आहे.

1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. पुढे दोनच वर्षांनी, 1 मे 1962 ला, जिल्हा परिषदा सुरू झाल्या. या परिषदा कशा असाव्यात हे ठरवणाऱ्या वसंतराव नाईक समितीपुढे एक अवघड प्रश्न होता: कलेक्टरचं काय करायचं? इंग्रजांपासून जिल्हा म्हणजे कलेक्टर. लोकांनी निवडलेल्या सभेत तो येऊन बसला की बाकीचे आपोआप गप्प. महाराष्ट्रानं त्याला परिषदेबाहेर ठेवलं आणि परिषदेला तिचा वेगळा मुख्य कार्यकारी अधिकारी दिला. प्राथमिक शाळा, दवाखाने, रस्ते, शेतीची कामं तिच्याकडे गेली. नवं राज्य हातात आलेल्या मुख्यमंत्र्यानं दोन वर्षांत इतके अधिकार खाली सोडावेत, याला मोठं मन लागतं.

माझे वडील त्या पहिल्या वर्षांत पंचायत समितीवर होते. शिक्षण चौथी. शाळेच्या गळक्या पत्र्यासाठी ते एसटीनं यायचे, धोतराच्या सोग्यात अर्ज बांधून. साहेबांसमोर खुर्चीवर बसायची त्यांना आधी भीती वाटे. वर्षभरात ते हिशेब विचारायला लागले. मी लहान होतो, पण त्यांच्या आवाजातला तो फरक मला आजही ऐकू येतो.

आता ‘बेरजेचं राजकारण’. हा शब्द यशवंतरावांचा म्हणून हल्ली फार फिरतो. एका पक्षातला आमदार दुसऱ्यात गेला की त्याला बेरीज म्हणतात. मला याचा मनापासून त्रास होतो. यशवंतरावांनीही विरोधकांना जवळ केलं, पक्षात घेतलं, हे खरं आहे आणि त्यातून विरोधी पक्ष दुबळे झाले हेही खरं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी मराठी-गुजराती द्विभाषिक राज्याची बाजू घेतली, ती जखम अनेकांच्या मनात राहिली. पण त्यांची बेरीज तेवढ्यावर थांबत नव्हती. 1959 साली महार वतनं, म्हणजे गावकामाच्या पिढीजात सक्तीची ती पद्धत, रद्द झाली. बाबासाहेबांनी त्यासाठी 1928 मध्येच मुंबई कौन्सिलात विधेयक आणलं होतं. ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची, फी सवलत आली, तिच्यावरच मी कॉलेज शिकलो. पत्रकार ग. त्र्यं. माडखोलकरांनी जाहीर विचारलं होतं, हे राज्य मराठी की मराठा? राज्य मराठी माणसाचं असेल, हे यशवंतरावांचं उत्तर. सोलापुरात उभं राहून या उत्तराचा अर्थ लावावा. आपल्या पूर्व भागात घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड, आणि 1931 साली फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांत मल्लप्पा धनशेट्टी आहेत, श्रीकिसन सारडा आहेत, जगन्नाथ शिंदे आहेत, कुर्बान हुसेन आहेत. ज्या राज्यात हे चौघेही घरचे ठरतात, ती खरी बेरीज.

सहकाराबद्दल थोडक्यात बोलतो, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सभासदाचा म्हणून उभा राहिलेला कारखाना एका घराचा होत गेला, आणि त्या घराच्या दिवाणखान्यात यशवंतरावांची तसबीर असते.

पण माझं खरं दुःख परिषदेचं आहे. मार्च 2022 मध्ये सोलापूर जिल्हा परिषदेची मुदत संपली. आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता, निवडणूक लांबली, आणि तीन वर्षांहून अधिक काळ तिथे निवडलेल्या सदस्यांऐवजी सरकारनं नेमलेले प्रशासक होते. महानगरपालिकेचंही तेच झालं. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी असं 73व्या आणि 74व्या घटनादुरुस्तीनं सांगितलेलं आहे. एखादा प्रशासक उत्तम काम करीलही, मला त्यावर बोलायचं नाही. पण यशवंतरावांच्या जयंतीला, 12 मार्चला, त्यांचं नाव घेणाऱ्या किती पुढाऱ्यांनी या सभागृहाच्या रिकाम्या खुर्च्यांसाठी रस्त्यावर यायची तयारी दाखवली? विधानसभेची निवडणूक सहा महिने लांबली असती तर राज्य पेटलं असतं.

त्याच काळात मी गावी गेलो होतो. देवळापाशी एक बाई भेटली, हातात अंगणवाडीचा अर्ज. म्हणाली, “सर, आपल्या गटाचा मेंबर कोण हाय सध्या?” मी म्हटलं, “कुणीच नाही, आक्का.” तिनं अर्जाची घडी घातली आणि विचारलं, “मग ह्यो कुणाच्या हातात देऊ?”