खेळाडूला उत्तर कुणी द्यावं, कसं द्यावं

श्रोतेहो, नमस्कार.

नोव्हेंबर २०१७. इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स या अमेरिकन कंपनीचा ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ हा गेम बाजारात यायला जेमतेम पाच दिवस उरले होते. ज्यांना तो आधी खेळायला मिळाला, त्यांच्या लक्षात आलं, की डार्थ व्हेडरसारखं मुख्य पात्र उघडायला गेममधली ६०,००० क्रेडिट्स लागतात. खेळाडूंनी हिशेब मांडला : एका पात्रासाठी सुमारे ४० तास. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर एकानं विचारलं, ८० डॉलर मोजूनही व्हेडर बंदच का? कंपनीच्या कम्युनिटी टीमनं, म्हणजे खेळाडूंशी बोलणाऱ्यांनी, उत्तर दिलं. पात्र मिळवल्याचा अभिमान वाटावा, काही साध्य केल्याचं समाधान मिळावं हा आमचा हेतू आहे, असा त्याचा आशय. त्या एका उत्तराला साडेसहा लाखांहून जास्त नापसंतीची मतं पडली आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली.

ते उत्तर उद्धट नव्हतं. भाषा नीट होती, सूर सभ्य होता. पण प्रश्न पैशांचा आणि वेळेचा होता, उत्तर मात्र भावनेचं आलं. त्यातून किंमत एका क्रेडिटनंही हलली नाही. नंतर कंपनीनं किंमत ७५ टक्क्यांनी उतरवून १५,००० केली. त्याच वेळी गेमची मूळ कथा पूर्ण केल्यावर मिळणारं बक्षीस २०,००० वरून ५,००० वर आणलं. खेळाडूंनी तेही लगेच शोधून काढलं. शेवटी १६ नोव्हेंबरला, म्हणजे गेम यायच्या आदल्या दिवशी, गेमच्या आत खऱ्या पैशांनी करायची खरेदी कंपनीला बंद ठेवावी लागली.

म्हणून गेम बनवणाऱ्यांना पहिलं सांगणं हे : सोशल मीडियावर जो बोलतो, तो निर्णयाच्या बैठकीत बसलेला हवा. किंमत ठरताना, पॅचची, म्हणजे गेममधल्या दुरुस्तीची, तारीख ठरताना तो खोलीत नसेल, तर बाहेर त्याच्याकडे गोड शब्दांपलीकडे काही उरत नाही.

मग उत्तर कसं लिहायचं? समजा, तिसऱ्या टप्प्यावर सेव्ह फाइल बिघडते अशी तक्रार आली. असं लिहा : “तिसऱ्या टप्प्यावर सेव्ह बिघडतो, आमच्याकडेही तसंच झालं. कारण शोधतो आहोत. तोवर टप्पा सुरू करण्याआधी वेगळ्या जागी सेव्ह करा. पुढची माहिती आज रात्री ९ वाजता इथेच देऊ.” काय माहीत आहे, काय चाललंय, तोवर खेळाडूनं काय करायचं आणि पुन्हा कधी बोलणार, सगळं यात आलं. आणि रात्री ९ वाजता कारण सापडलेलं नसलं, तरी तेवढंच सांगायला का होईना, तिथे हजर राहा. वेळ देऊन गप्प बसलात, की त्यानंतरचं तुमचं कुठलंच वेळापत्रक कुणी खरं मानत नाही.

‘लवकरच’ हा शब्द टाळा. ‘मोजक्याच खेळाडूंना हा त्रास होतोय’ हे तर कधीच लिहू नका. ज्याची २० तासांची मेहनत पुसली गेली, त्याला बाकीचे सुखात आहेत हे ऐकून काय मिळणार? पॅचची तारीखही चाचणी झाल्याशिवाय जाहीर करू नका. कॉम्प्युटरवरचा पॅच तुम्ही स्वतः चढवू शकता. कन्सोलवरचा, म्हणजे प्लेस्टेशन-एक्सबॉक्ससारख्या गेमयंत्रांवरचा, मात्र सोनी, मायक्रोसॉफ्ट किंवा निन्टेन्डोच्या तपासणीतून जातो. त्यामुळे दोन्हींच्या तारखा वेगळ्या असू शकतात, आणि हे आधीच सांगितलं नाही तर कन्सोलवाल्यांना आपल्याला डावललं असंच वाटतं.

आता जाहिरातीकडे येऊ. पुण्याच्या नॉडिंग हेड्‌स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ जगभरच्या दुकानांत नेला. तशी धडपड करणारे छोटे स्टुडिओ आपल्याकडे आता बरेच आहेत, आणि त्यांच्यासाठी मुख्य फलक म्हणजे स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानातलं पान. स्टीमच्या नियमानुसार ते पान विक्रीच्या किमान दोन आठवडे आधी लोकांना दिसायला हवं. माझ्या मते दोन आठवडे फार अपुरे आहेत. ज्यांनी गेम विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या यादीत, टाकला, त्यांना विक्री सुरू झाल्यावर ईमेल जातं, तेव्हा ही यादी वाढायला काही महिने द्या.

ट्रेलर मात्र प्रत्यक्ष विकणार त्याच गेममधून काढा. तुम्ही किमान म्हणून लिहिलेल्या मशीनवर तो कसा चालतो, तेही त्यात दाखवा. सीडी प्रोजेक्टच्या ‘सायबरपंक २०७७’नं डिसेंबर २०२०मध्ये याची जबर किंमत मोजली. समीक्षकांना आधी मिळाली ती कॉम्प्युटरची आवृत्ती. जुन्या प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर गेमची काय गत आहे, ते लोकांना विकत घेतल्यावरच कळलं. आठवड्याभरात सोनीनं तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. परत ठेवला तो जून २०२१मध्ये. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल, तर पैसे परत मागता येतात. ट्रेलरनं जे फुगवून सांगितलं, ते पहिल्या दोन तासांत उघडं पडतं आणि विक्रीचा आकडा तिथेच खाली येतो.

अटीही पहिल्या दिवसापासून ठळक हव्यात. स्वीडनच्या अ‍ॅरोहेड स्टुडिओचा ‘हेलडायव्हर्स २’ फेब्रुवारी २०२४ मध्ये आला आणि तुफान चालला. स्टीमच्या खेळाडूंनी सोनीचं प्लेस्टेशन नेटवर्क खातं जोडावं ही अट पानावर होती, पण तांत्रिक अडचणींमुळे सुरुवातीला ती लागू केली नाही. ३ मे रोजी गेमची प्रकाशक असलेल्या सोनीनं ती सक्तीची जाहीर केली. घोटाळा असा, की ज्या देशांत सोनीचं ते खातं काढताच येत नाही, अशा कित्येक देशांत गेम विकला गेला होता. दोन-तीन दिवसांत दोन लाखांहून जास्त नकारात्मक रिव्ह्यू पडले आणि ६ मेला अट मागे घ्यावी लागली. विक्रीच्या देशांची यादी आणि खात्याच्या देशांची यादी शेजारी-शेजारी ठेवून तपासायला अर्धा तास पुरला असता.

रिव्ह्यूंबद्दल थोडं. स्टीमवर दहा रिव्ह्यू झाल्यावर गुणांची पाटी दिसू लागते, पण फुकट कोडवर गेम घेतलेल्यांचे रिव्ह्यू त्या गुणांत धरत नाहीत. तेव्हा ओळखीपाळखीत कोड वाटून गुण वाढणार नाहीत, आणि चांगल्या रिव्ह्यूच्या बदल्यात काही देणं तर नियमबाह्यच आहे. वाईट रिव्ह्यूला उत्तर द्यायचं ते दोष दुरुस्त झाल्यावर, कोणत्या आवृत्तीत दुरुस्त झाला ते सांगून. आवडीनिवडीवर वाद घालू नका.

स्ट्रीमरला, म्हणजे गेम खेळतानाचं लाइव्ह दाखवणाऱ्याला, पैसे दिलेत, तर ते बघणाऱ्याला दिसायलाच हवं. ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’साठी वॉर्नर ब्रदर्सनं यूट्यूबवाल्यांना पैसे दिले. गेममधले बग दाखवायचे नाहीत, अशी अटही घातली. पैसे घेतल्याचा उल्लेख बहुतेक व्हिडिओंत खालच्या वर्णनात, ‘आणखी दाखवा’ दाबल्याशिवाय न दिसणाऱ्या जागी होता. २०१६ मध्ये अमेरिकेत ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशननं याबद्दल फसवणुकीचा आरोप ठेवून कारवाई केली. आपल्याकडे जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या मुंबईच्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्‌स कौन्सिलचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम जून २०२१ पासून लागू आहेत. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत जाहिरातीची पाटी किमान ३ सेकंद, दोन मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ, त्याहून मोठ्यात उत्पादनाबद्दलचा पूर्ण भाग संपेपर्यंत. लाइव्ह स्ट्रीममध्ये सुरुवातीला आणि शेवटी सांगायचं. फुकट मिळालेला गेमही यात येतो. पैसे लावून खेळायच्या गेमची गोष्ट वेगळी : ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या कायद्यात त्यांच्या जाहिरातीलाच बंदी आहे आणि दोन वर्षांपर्यंत कैदेची, ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

राहिला माणसांचा प्रश्न. खेळाडूंचा राग झेलणारी व्यक्ती बहुतेक वेळा टीममधली सगळ्यात नवी आणि सगळ्यात कमी पगाराची असते. तिला एकटी सोडू नका. अधिकृत उत्तरं टीमच्या नावानं द्या, तापलेल्या चर्चेतलं उत्तर दुसऱ्यानं वाचल्याशिवाय जाऊ देऊ नका. धमकी किंवा आईबहिणीवरून शिवी आली, तर स्क्रीनशॉट जपून ठेवायचा, ब्लॉक करायचं आणि गरज पडली तर सायबर पोलिसांकडे तक्रार करायची. ही तक्रार कंपनीनं स्वतःच्या नावानं करावी, त्या व्यक्तीवर सोडू नये. आणि स्वतःच्या खात्यावर कामाबद्दल काय लिहायचं, काय नाही, हे नेमणुकीच्या दिवशीच लेखी द्या. जुलै २०१८ मध्ये ‘गिल्ड वॉर्स २’ बनवणाऱ्या अ‍ॅरेनानेटनं दोन लेखकांना कामावरून काढलं, ते ट्विटरवर एका स्ट्रीमरशी झालेल्या वादावरून.